सोने, नीळ आणि बोरू

डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात कुराणाची एक लहानशी प्रत आहे. उंची साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी साडेतेराच्या. पाने कागदाची, एकूण २८६. दर पानावर पंधरा ओळी, बारीक, गोलाईदार आणि शेवटपर्यंत एका चालीच्या. लिहिणाऱ्याने शेवटी नोंद केली आहे की हे काम बगदादमध्ये हिजरी ३९१ साली, म्हणजे इसवी सन १०००-१००१ मध्ये पुरे झाले. त्याचे नाव अली इब्न हिलाल. त्याचे वडील द्वारपाल होते, म्हणून इतिहासात तो इब्न अल-बव्वाब या नावानेच राहिला.

ही प्रत उघडली की मजकुराआधी सोनेरी नक्षीची पाने लागतात. सुरुवातीला तीन जोडपाने आणि शेवटी दोन. सुरुवातीच्या पानांवर नक्षीच्या चौकटींत एक हिशेब लिहिलेला आहे. कुराणात सुरा ११४, आयती ६२३६, शब्द इतके, अक्षरे इतकी आणि अक्षरांवरचे नुक्ते इतके. ग्रंथाच्या दारातच त्याची मोजदाद टांगून ठेवली आहे. पुढे कोणी नक्कल करताना एखादी आयत गाळली किंवा घुसडली, तर हा आकडा बोलेल.

मध्ययुगातल्या अरबी हस्तलिखितांची कला समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. ही पाने पाहून आपण आधी दिपतो आणि मग त्यांना 'सजावट' म्हणून मोकळे होतो. पण या पानांवरच्या बहुतेक सोन्याला काम नेमून दिलेले आहे. वाचकाला थांबवायचे, मोजायला मदत करायची, जागा सापडवून द्यायची, आणि मूळ मजकूर कुठे संपतो व माणसाने घातलेली भर कुठे सुरू होते हे दाखवायचे. ही कला वाचनातून जन्मली आणि वाचनाच्या सेवेतच वाढली.

मजकूर आणि माणसाची भर

इस्लामी श्रद्धेनुसार कुराण म्हणजे ईश्वराचे शब्द. त्यामुळे ते लिहून काढणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. सुरुवातीच्या अरबी लिपीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नव्हत्या, आणि एकाच आकाराची अनेक अक्षरे केवळ नुक्त्यांवरून वेगळी ओळखायची असत. ज्याला मजकूर पाठ आहे त्याचे अशा प्रतीवर भागत होते. पण इस्लाम अरबस्तानाबाहेर पसरला, अरबी ही ज्यांची मातृभाषा नाही असे लाखो लोक कुराण वाचू लागले, तेव्हा उच्चारात चूक होण्याची भीती वाढली. स्वरांच्या खुणा घालाव्या लागणार होत्या.

इथे पेच उभा राहिला. पवित्र मजकुरात आपल्या हाताने काही घालायचे कसे? जुन्या काळातल्या अनेक धर्मपंडितांना अशी कोणतीही भर पसंत नव्हती. तोडगा निघाला तो रंगाचा. मजकूर काळ्या किंवा तपकिरी शाईने आणि स्वरांचे ठिपके तांबड्या रंगाने लिहायचे. अक्षराच्या वर ठिपका असेल तर एक स्वर, खाली असेल तर दुसरा, पुढे असेल तर तिसरा. या पद्धतीचे श्रेय परंपरा सातव्या शतकातल्या अबू अल-अस्वद अल-दुआली या व्याकरणकाराला देते. पुढे काही प्रतींत हिरवे आणि पिवळे ठिपकेही आले. आठव्या शतकात खलील इब्न अहमद या विद्वानाने आज प्रचलित असलेल्या स्वरखुणांचा पाया घातला. काळे ते मूळ आणि रंगीत ती भर, हा नियम एकदा रुजल्यावर त्यातूनच पुढची सारी नक्षी फुटत गेली.

सुरेचे नाव आणि तिच्या आयतींची संख्या हीसुद्धा माणसाने घातलेली माहिती. म्हणून ती सोनेरी पट्टीत, आणि पुष्कळदा मजकुरापेक्षा वेगळ्या वळणाच्या लिपीत लिहिली जाई. या पट्टीच्या बाहेरच्या टोकाला ताडपत्राच्या पंख्यासारखे एक सोनेरी फूल समासात डोकावते. पाने भराभर उलटताना ते फूल दिसले की नवी सुरा सुरू झाली हे कळते. आयत संपली की एक लहान सोनेरी गोल किंवा फुलोरा. पाच आयती झाल्या की वेगळी खूण. जुन्या प्रतींत यासाठी 'हा' हे अक्षर वापरलेले दिसते, कारण अरबी अक्षरगणनेत त्याची किंमत पाच आहे. दहा आयतींनंतर आणखी मोठे वर्तुळ. जिथे वाचकाने साष्टांग नमन करायचे, तिथे समासात आणखी एक चिन्ह. संपूर्ण ग्रंथाचे तीस भाग पाडलेले असतात, म्हणजे रमजानच्या महिन्यात रोज एक भाग वाचून पुरा करता येतो. त्या भागांच्या सुरुवातीही समासातल्या पदकांनी दाखवलेल्या असतात.

पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या पानाकडे पाहिले की कोणती खूण कशासाठी हे उलगडू लागते. कुराणाच्या प्रतीला, म्हणजे मुस्हफला, माणसाचे किंवा प्राण्याचे चित्र कधीच शिवले नाही. तिथे मुख्यतः पान, फूल, वेल, भूमिती आणि अक्षर.

चर्मपत्राचा काळ

इस्लामच्या पहिल्या तीन शतकांतले बहुतेक मुस्हफ चर्मपत्रावर आहेत. मेंढ्या-बकऱ्यांची कातडी कमावण्याऐवजी चुन्यात भिजवून, केस खरवडून, चौकटीवर ताणून वाळवायची आणि घासून गुळगुळीत करायची. १९७२ साली येमेनमधल्या सना शहरातल्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत छताखाली अशा जुन्या पानांचा प्रचंड साठा हाती लागला. इतकी पाने एकत्र मिळाल्यामुळे सुरुवातीच्या प्रती कशा बदलत गेल्या ते अभ्यासकांना दिसू शकले.

आठव्या-नवव्या शतकांत या प्रतींचा आकार आडवा झाला, रुंदी जास्त आणि उंची कमी. लिपी कोनदार, ठाशीव. हिला आपण सैलपणे कूफी म्हणतो. तिच्यात अक्षर आडवे ताणले जाते, दोन शब्दांमधले अंतर आणि एकाच शब्दाच्या तुकड्यांमधले अंतर जवळजवळ सारखे ठेवले जाते. ओळीच्या शेवटी शब्द तुटला तरी चालतो. डोळा पळू शकत नाही, त्याला पाऊल जपून टाकावे लागते.

दमास्कसचा अब्बासी सुभेदार अमाजूर याने ८७६ साली भूमध्य समुद्राकाठच्या तूर शहरातल्या एका मशिदीला तीस भागांचा मुस्हफ दान दिला. त्याच्या पानावर ओळी फक्त तीन. बाकी सगळी मोकळी जागा. संपूर्ण कुराण या हिशेबाने लिहायला किती जनावरांची कातडी लागली असेल याची कल्पना करावी. त्या मोकळ्या जागेतच देणगीदाराची ऐपत दिसत होती आणि ग्रंथाबद्दलचा आदरही.

या काळातली सर्वांत प्रसिद्ध प्रत म्हणजे 'निळे कुराण'. चर्मपत्र निळीने गडद रंगवलेले आणि त्यावर सोनेरी कूफी अक्षरे, दर पानावर पंधरा ओळी. या प्रतीचा काळ नववे-दहावे शतक असा मानला जातो. ती नेमकी कुठे झाली याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. ट्युनिशियातले कैरवान हे एक प्रबळ उत्तर, कारण तिथल्या मोठ्या मशिदीच्या ग्रंथसंग्रहाची १२९३-९४ च्या सुमाराची यादी उपलब्ध आहे आणि तिच्यात गडद निळ्या चर्मपत्रावर सोन्याने लिहिलेल्या मुस्हफाची नोंद आहे. या पानांवरच्या आयतींच्या खुणा मात्र चांदीच्या होत्या. चांदी हवेने काळवंडली, त्यामुळे आज त्या नुसत्या डागांसारख्या दिसतात. पान नवे असताना गर्द निळ्यावर सोन्याच्या ओळी आणि त्यांच्यामध्ये चांदीची फुले असे ते दृश्य होते. इथे मजकूरच सोन्याचा झाला, तेव्हा भर वेगळी दाखवायला चांदी आणावी लागली. नियम तोच राहिला, धातू बदलले.

कागद आला, अक्षर बदलले

कागद चिनी लोकांनी शोधला. आठव्या शतकात तो समरकंदमार्गे इस्लामी जगात पोहोचला आणि त्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला. चर्मपत्रापेक्षा तो स्वस्त होता आणि मुबलक होता. प्रशासनाला त्याचा आणखी एक गुण आवडला. कागदावरची शाई आत मुरते, त्यामुळे खाडाखोड लपत नाही. नवव्या शतकातला लेखक याकूबी सांगतो की बगदादच्या एका बाजारात वर्राकांची शंभराहून अधिक दुकाने होती. वर्राक म्हणजे कागद विकणारा, ग्रंथांच्या नकला करणारा, बांधणी करणारा आणि ग्रंथ विकणाराही. दहाव्या शतकातला इब्न अल-नदीम असाच एक ग्रंथविक्रेता. त्याने ९८७ साली आपल्या काळातल्या अरबी ग्रंथांची 'फिहरिस्त' नावाची विशाल सूची केली, ती आजही संशोधकांच्या हाताशी असते.

ग्रंथ वाढले तसे लिहिण्याचा वेग वाढला आणि कोनदार कूफीची जागा गोलाईदार लिपीने घेतली. या लिपीला शिस्त लावली ती अबू अली इब्न मुक्ला याने. हा ८८६ साली जन्मलेला बगदादचा माणूस तीन खलिफांचा वजीर झाला. त्याने अक्षराचे माप ठरवले. बोरूची तिरपी कापलेली चोच कागदावर टेकवून दाबली की चौकटच्या आकाराचा एक ठिपका उमटतो. हा ठिपका म्हणजे एकक. 'अलिफ' हे उभे अक्षर इतक्या ठिपक्यांचे, अलिफच्या उंचीचा व्यास घेऊन एक वर्तुळ, आणि बाकीची अक्षरे त्या वर्तुळाच्या व ठिपक्यांच्या हिशेबात. बोरू जाड घ्या की बारीक, प्रमाण ढळत नाही. अरबी सुलेखन शिकणारे विद्यार्थी आजही अक्षराशेजारी ठिपके मांडून ते बरोबर आले का ते तपासतात.

इब्न मुक्लाचा शेवट भीषण झाला. दरबारी कारस्थानात त्याचा उजवा हात तोडण्यात आला आणि ९४० साली तो तुरुंगात वारला. त्याच्या हातचे म्हणता येईल असे खात्रीचे एकही पान आज हाती नाही. त्याची पद्धत शिष्यांच्या आणि शिष्यांच्या शिष्यांच्या हातांतून पुढे गेली.

या परंपरेत पुढे इब्न अल-बव्वाब आला. त्याने सुरुवात घरांच्या भिंती रंगवण्यापासून केली, मग ग्रंथांची नक्षी आणि मग अक्षर. त्याची एक गोष्ट याकूत अल-हमवी या चरित्रकाराने नोंदवली आहे. शिराझमध्ये बुवेही राजा बहाउद्दौला याच्या ग्रंथालयात इब्न अल-बव्वाबला इब्न मुक्लाच्या हातचा तीस खंडांचा मुस्हफ सापडला, पण त्यातला एक खंड हरवलेला होता. आपण तो असा लिहून देऊ की तिसांतून नवा कोणता हे ओळखू येणार नाही, असे त्याने सांगितले. राजाने बक्षीस कबूल केले. इब्न अल-बव्वाबने ग्रंथालयातल्या जुन्या कागदांतून जुळणारा कागद निवडला, खंड लिहिला, सोनेरी काम केले, ते जुने दिसेल असे केले आणि दुसऱ्या एका जुन्या ग्रंथाची बांधणी त्यावर चढवली. राजाने खंड पुन्हापुन्हा उलटून पाहिले आणि त्याला नवा खंड ओळखता आला नाही. बक्षीस म्हणून इब्न अल-बव्वाबने ग्रंथालयातला कोरा जुना कागद मागून घेतला. गोष्टीत तिखटमीठ किती हे बाजूला ठेवू. कागद, अक्षर, सोने आणि बांधणी ही चारही कामे एकाच माणसाला किती खोलवर येत असू शकत, हे ती सांगते.

१२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले. त्या संहारातून वाचलेला याकूत अल-मुस्तासिमी हा शेवटच्या अब्बासी खलिफाच्या दरबारातला सुलेखनकार. बाहेर शहर लुटले जात असताना तो एका मिनारात लपून अक्षरांचा सराव करत होता, अशी कथा आहे. नस्ख, सुलुस, मुहक्कक, रैहान, तौकी आणि रिका या सहा लिपीप्रकारांना त्याने जे वळण दिले तेच पुढे आदर्श ठरले. तो १२९८ मध्ये वारला.

कारखान्यातले साहित्य

आता एका पानाची घडण जवळून पाहू.

बोरू इराकच्या दलदलीतल्या वेतासारख्या बरूचा. तो सुरीने तिरपा छाटायचा, मधोमध चीर पाडायची आणि टोक हाडाच्या किंवा हस्तिदंती पट्टीवर ठेवून शेवटचा छेद द्यायचा. त्या छेदाच्या कोनावर अक्षराची जाडी-बारीकी अवलंबून. दौतीत शाईबरोबर रेशमाचा बोळा ठेवलेला असे, म्हणजे बोरूला हवी तेवढीच शाई लागते आणि थेंब गळत नाही.

शाई दोन प्रकारची. एक काजळाची. तेलाच्या दिव्याचे काजळ डिंकाच्या पाण्यात घोटायचे. ही काळी कुळकुळीत राहते आणि कागदाला इजा करत नाही. दुसरी मायफळाची. मायफळे कुटून उकळायची, त्यात हिराकस आणि डिंक घालायचा. ही चर्मपत्राला घट्ट धरते, पण तिच्यातले आम्ल काही शतकांत कागद खाते. आज अनेक प्रतींत ओळींच्या जागी चिरा पडलेल्या दिसतात, त्यामागे हेच कारण. हिरव्या रंगासाठी वापरलेला जंगालही असाच दुष्ट. तो कागदाला आरपार जाळतो. तांबडा हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, आणि सर्वांत मौल्यवान निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. बगदाद किंवा कैरोच्या पानावरची चिमूटभर निळाई हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेली असे.

कागदाला आधी खळ किंवा अंड्याचा पांढरा बलक लावायचा आणि वाळल्यावर अकीकाने किंवा काचेने घासून चकचकीत करायचा. मग ओळी आखायच्या. त्यासाठी मिस्तरा नावाचे साधन होते. पुठ्ठ्यावर ओळींच्या अंतराने दोरे ताणून बसवायचे, वर कागद ठेवायचा आणि बोटाने दाबत न्यायचे. ओळी शाईशिवाय उमटतात. त्यांच्यावर लिहिताना बोरू सरळ जातो आणि लिहून झाल्यावर त्या दिसतही नाहीत.

कातिबाचे, म्हणजे लिहिणाऱ्याचे, काम झाले की पान मुजह्हिबाकडे, म्हणजे सोनेकाम करणाऱ्याकडे जाई. सोन्याचा वर्ख डिंकात किंवा मधात बोटांनी घोटत राहायचा. बराच वेळ घोटल्यावर त्याची भुकटी होते. पाणी घालून मध धुऊन काढायचा, खाली बसलेले सोने सरसात कालवायचे आणि कुंचल्याने लावायचे. वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घासले की झळाळी येते. त्यानंतर काळ्या शाईची अतिशय बारीक कड. ही कड महत्त्वाची, कारण सोने प्रकाश परतवते आणि त्याच्या कडा डोळ्यांना अस्पष्ट होतात. काळी रेघ फुलाला फूल म्हणून उभे करते.

शेवटी बांधणी. शिवलेल्या पानांना चामड्याचे आवरण, त्यावर ठशांनी दाबलेली नक्षी. डाव्या पुठ्ठ्याला एक जादा जीभ जोडलेली असते. ती दुमडून वरच्या पुठ्ठ्याखाली सरकवली की पानांच्या मोकळ्या कडा झाकल्या जातात आणि धूळ आत जात नाही.

ही कृती आपल्याला माहीत आहे याचे एक कारण अकराव्या शतकातला ग्रंथ 'उम्दत अल-कुत्ताब'. बोरू, शाई, रंग, सोने, सरस आणि बांधणी यांच्या कृती त्यात सविस्तर दिल्या आहेत. तो कैरवानचा राजा अल-मुइझ्झ इब्न बादीस याच्या नावावर आहे. याच राजघराण्यातल्या फातिमा नावाच्या दाईने १०२० मध्ये एक भव्य मुस्हफ करवून मशिदीला दिला. त्याच्या नोंदीत लिहिले आहे की अली इब्न अहमद अल-वर्राक याने तो लिहिला, त्याला स्वरखुणा दिल्या, सोनेकाम केले आणि बांधला, आणि हे सारे दुर्रा नावाच्या लेखिकेच्या देखरेखीखाली झाले. दान देणारी स्त्री आणि काम पाहणारी स्त्री, दोघींचीही नावे त्यांच्या कामासह टिकली.

कैरोतले सात खंड

चौदाव्या शतकात ही कला कैरोत ममलूक राजवटीखाली शिखरावर पोहोचली. बैबर्स अल-जाश्नगीर हा तिथला बडा सरदार. त्याने १३०४ ते १३०६ या काळात सात खंडांचा मुस्हफ करवून घेतला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. लेखक मुहम्मद इब्न अल-वहीद. संपूर्ण मजकूर सोन्यात, सुलुस लिपीत, दर पानावर सहा ओळी, आणि प्रत्येक अक्षराला काळी कड. सोनेकाम करणाऱ्यांचा प्रमुख अबू बक्र, ज्याला सांदल म्हणत. त्याच्या जोडीला मुहम्मद इब्न मुबादिर आणि ऐदुग्दी. कामाची वाटणी झाली होती आणि प्रत्येकाला आपले नाव लिहायची मुभा होती.

दर खंड उघडला की दोन समोरासमोरच्या पानांवर पसरलेली भूमिती दिसते. मध्यभागी तारा, त्याच्या टोकांतून निघालेल्या पट्ट्या एकमेकींच्या वरखालून जात बहुभुज तयार करतात, आणि प्रत्येक बहुभुजात निळ्या किंवा सोनेरी भूमीवर वेल. हे सारे कंपास आणि पट्टी या दोन साधनांनी काढलेले. आधी वर्तुळ, त्याचे समान भाग, छेदबिंदू जोडणाऱ्या रेघा, आणि मग त्यांतल्या हव्या त्या रेघा ठेवून बाकीच्या सोडून देणे. चौकट ही नक्षी जिथे कापते तिथे तारे अर्धे तुटलेले दिसतात. आकृती पानाच्या पलीकडेही चालूच आहे आणि आपल्याला तिचा एक तुकडा दिसतो आहे, असे वाटत राहते. पवित्र ग्रंथात शिरण्यापूर्वी वाचकाच्या मनाची तयारी करण्याचे काम ही पाने करतात.

बैबर्स १३०९ मध्ये सुलतान झाला आणि पुढच्याच वर्षी पदच्युत होऊन मारला गेला. त्याची राजवट इतिहासात दोन ओळींची. त्याने करवलेले सात खंड मात्र ममलूक कलेच्या प्रत्येक अभ्यासात पहिल्या रांगेत असतात.

भारतातही ही परंपरा पोहोचली होती. तैमूरने दिल्ली लुटल्यानंतर वर्षभरातच, १३९९ मध्ये, ग्वाल्हेरला लिहून झालेला एक नक्षीदार मुस्हफ आज टोरंटोच्या आगा खान संग्रहालयात आहे.

जिथे चित्रांना मुभा होती

कुराणाबाहेरच्या ग्रंथांत चित्रे मोकळेपणाने आली, आणि तीही आधी कामासाठीच. खगोलज्ञ अब्दुर्रहमान अल-सूफी याने ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात ४८ तारकासमूहांपैकी प्रत्येकाची दोन चित्रे आहेत. एक आकाशात पाहताना दिसते तसे, दुसरे खगोलाच्या गोलावर बाहेरून पाहताना दिसते तसे, म्हणजे उलटे. देवयानी समूहातल्या दीर्घिकेची 'लहान ढग' म्हणून नोंद याच ग्रंथात आहे. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसचा वनस्पतींवरचा ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आला. त्याच्या प्रतींत मुळे, पाने, फुले वेगळी ओळखू येतील अशी काढलेली. अल-जझरी याने १२०६ मध्ये दियारबकीरच्या दरबारात ५० यंत्रांचे वर्णन पुरे केले. त्यातल्या आकृत्यांवर भागाभागाला अक्षरे दिली आहेत आणि मजकुरात त्याच अक्षरांनी प्रत्येक भागाचे काम सांगितले आहे. त्याच्या हत्तीच्या घड्याळात पाठीवर माहूत बसलेला भारतीय हत्ती आहे.

भारताशी थेट नाते सांगणारा ग्रंथ म्हणजे 'कलीला व दिम्ना'. आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेले आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने त्यांना अरबीत आणले. १२२० च्या सुमाराची एक सचित्र प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सिंह आणि बैल, कावळ्यांचा राजा आणि त्याचे मंत्री, सगळे कागदाच्या कोऱ्या भूमीवर, मागे देखावा नाही, दोन रोपे आणि जमिनीची एक हिरवी रेघ. या ग्रंथाचे पुढचे फारसी रूप 'अन्वार-ए-सुहैली'. अकबराच्या काळातल्या त्याच्या एका सचित्र प्रतीची पाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. पंचतंत्राची ही जगप्रदक्षिणा मराठी वाचकाला मुंबईतच संपताना पाहता येते.

अरबी चित्रकलेचा मुकुटमणी मात्र १२३७ सालचा. बसऱ्याच्या अल-हरीरी याने पन्नास 'मकामा', म्हणजे चातुर्यकथा, लिहिल्या होत्या. शब्दचतुर, बहुरूपी अबू झैद गावोगाव लोकांना आपल्या वाणीने भुलवतो आणि निवेदक अल-हारिस त्याला दर वेळी ओळखतो. याह्या इब्न महमूद अल-वासिती याने या ग्रंथाची एक प्रत स्वतः लिहिली आणि तिच्यात ९९ चित्रे काढली. तीही पॅरिसलाच आहे.

त्यातले खेड्याचे चित्र घ्या. पुढे उंटावर बसलेले दोन प्रवासी एका गावकऱ्याशी बोलत आहेत. मजकुरात कथा तेवढीच. पण अल-वासितीने मागे सारे गाव उभे केले. तळ्यावर पाणी प्यायला आलेली जनावरे, कमानींच्या घरांतून बाहेर पाहणारी माणसे, मशिदीचा घुमट आणि मिनार, छपरावर कोंबडा-कोंबडी, आणि एका बाजूला चातीवर सूत काढणारी बाई. दुसऱ्या एका चित्रात ग्रंथालय आहे. भिंतीतल्या कोनाड्यांत ग्रंथ उभे नसून आडवे, एकावर एक रचलेले. त्या काळी ग्रंथ असेच ठेवत, हे आपल्याला या चित्राने सांगितले. तिसऱ्यात एका बेटावरच्या राज्यकर्त्याची बायको प्रसूतीवेदनांत आहे. वर राजा चिंतेत, एका बाजूला ॲस्ट्रोलेब घेऊन ग्रह पाहणारा, दुसऱ्या बाजूला ताईत लिहिणारा अबू झैद. खाली बाळंतिणीची खोली, सुईण आणि मदतनीस बायका. दरबारी चित्रकलेत सहसा न येणारी माणसे इथे आपापल्या कामात गुंतलेली दिसतात. तेराव्या शतकातल्या इराकी समाजाचे इतके भरलेले चित्र दुसऱ्या कोणत्याही साधनातून मिळत नाही. पुढे एकवीस वर्षांनी बगदाद पडले.

पाने सुटी झाली तेव्हा

या ग्रंथांचे सर्वांत मोठे नुकसान युद्धांइतकेच विसाव्या शतकातल्या बाजारानेही केले. अखंड ग्रंथापेक्षा सुटी पाने विकून जास्त पैसे मिळतात, हे व्यापाऱ्यांना उमगले. निळ्या कुराणाची पाने आज अनेक देशांतल्या संग्रहालयांत आणि खाजगी संग्रहांत विखुरली आहेत. १२२४ साली लिहिलेल्या डायोस्कोरिडीसच्या अरबी प्रतीतली चित्रांची पाने काढून वेगवेगळ्या ठिकाणी विकली गेली.

भिंतीवर टांगलेले एक पान सुंदर दिसते, यात शंका नाही. पण दहा आयतींची खूण मागच्या नऊ आयतींशिवाय मुकी असते. समासातले फूल उलटत्या पानांसाठी काढलेले होते. पन्नासपैकी एका मकामेचे चित्र कथा वाचणाऱ्याच्या नजरेसाठी होते. ज्या सोन्याला वाचनाचे काम दिले होते, त्याला या बाजाराने पुन्हा नुसती सजावट करून टाकले.

सुदैवाने आज अल-वासितीची प्रत, बैबर्सचे खंड आणि इतर अनेक ग्रंथ त्या-त्या ग्रंथालयांनी छायाचित्रांच्या रूपाने जगापुढे मांडले आहेत. वाचकांनी ते जरूर पाहावेत, आणि एखादेच प्रसिद्ध पान पाहून थांबू नये. पहिल्या पानापासून सुरुवात करावी, सलग पन्नास पाने उलटावीत, खुणा कुठे येतात आणि कशासाठी येतात ते शोधावे. अरबी येत नसले तरी चालेल. आणि आपल्या घरात, वाड्यात, गावच्या देवळात एखादी जुनी पोथी असेल, तर तिचे एकही पान सुटे होऊ देऊ नये. ग्रंथ अखंड राहिला तरच त्याची कला अखंड राहते.